स्ट्रेप्टोकॉकसचं टायपिंग : शुद्ध कल्चरपासून अंतिम अहवालापर्यंत

‘लॅटेक्सवर ए गट आला, म्हणून पायोजेनिस लिहिलं.’ स्ट्रेप्टोकॉकस या साखळीने वाढणाऱ्या गोल जिवाणूंच्या चुकलेल्या अहवालाचं कारण विचारलं की बहुतेक वेळा हेच उत्तर मिळतं. लॅटेक्स म्हणजे प्रतिपिंडं चिकटवलेल्या सूक्ष्म कणांची चाचणी; जुळणारा प्रतिजन भेटला की कणांच्या गुठळ्या होतात. पायोजेनिस हे जातीचं नाव. चाचणी नीट झालेली असते, गुठळ्याही खऱ्या असतात. चूक असते ती चाचणी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते हे न पाहण्यात.

प्रश्न तीन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. जिवाणूची जात कोणती? त्याच्या पेशीभित्तीवर लान्सफिल्डचा (ए, बी, सी अशा अक्षराने ओळखला जाणारा) कोणता गट-प्रतिजन आहे? आणि त्या जातीच्या आत त्याचा टाइप कोणता? गट म्हणजे जात नव्हे, आणि टाइप तर गटाच्याही पुढची पायरी. पुढचे टप्पे याच क्रमाने घ्यायचे आहेत. मधला एखादा गाळला तर पुढची चाचणी कितीही महाग असली तरी ती चुकीच्याच गोष्टीचं टायपिंग करत राहते.

हा लेख मुख्यतः बीटा-हिमोलिटिक, म्हणजे कॉलनीभोवतीच्या लाल पेशी पूर्ण फोडून स्वच्छ वलय करणाऱ्या, स्ट्रेप्टोकॉकसबद्दल आहे; जातींची नावं पुढे ‘स्ट्रेप्टोकॉकस’ गाळूनच लिहिली आहेत. न्यूमोकॉकसला लान्सफिल्ड गट नसतो. त्याची ओळख ऑप्टोचिन (त्याची वाढ रोखणारं रसायन) आणि पित्तविद्राव्यता (पित्तक्षारांत विरघळणं) यांवर होते आणि टायपिंग कवचावर. त्याला इथल्या साच्यात बसवू नका.

## सुरुवातीची तयारी

ब्लड अगारमध्ये (रक्त मिसळलेलं घन माध्यम) ५ टक्के मेंढीचं रक्त हवं आणि खालचा पाया ग्लुकोज नसलेला हवा. ग्लुकोज असलं की हिमोलिसिस (लाल पेशी फुटणं) बिघडतं आणि बीटा हिरवट दिसू लागतो. रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या मानवी रक्ताचा मोह टाळा. त्यात दात्याची प्रतिपिंडं असतात, कधी प्रतिजैविकांचा अंश असतो, आणि हाताळणाऱ्याला संसर्गाचा धोका असतो तो वेगळाच. घोड्याच्या रक्तावर हिमोफिलस हिमोलिटिकस हुबेहूब बीटा-स्ट्रेप्टोकॉकससारखा दिसतो. मेंढीच्या रक्तावर तो सहसा वाढतच नाही.

लॅटेक्सचा संच २ ते ८ अंशांवर ठेवायचा आणि वापराआधी खोलीच्या तापमानाला आणायचा. तो गोठवायचा कधीच नाही. फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकलेली बाटली रात्रीत गोठते, सकाळी वितळते आणि बाहेरून अगदी ठीक दिसते. तिचा एक थेंब काळ्या कार्डावर टाकून बघा. दुधासारखा एकसंध पसरण्याऐवजी त्यात बारीक रवा दिसला, तर बाटली फेकून द्या.

नियंत्रण प्रजाती (ज्यांचा निकाल आधीच ठाऊक आहे असे जिवाणू; एटीसीसी हा त्यांचा अमेरिकेतला संदर्भसंग्रह) हाताशी ठेवा : पायोजेनिससाठी एटीसीसी १९६१५, अ‍ॅगॅलॅक्टिएसाठी एटीसीसी १२३८६, आणि कॅम्प चाचणीसाठी (टप्पा ३ पाहा) स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २५९२३. नवा संच उघडला की पहिल्या दिवशी रुग्णाचा नमुना लावायच्या आधी या लावायच्या.

काम जैवसुरक्षा पातळी २ चं आहे. व्होर्टेक्स आणि सेंट्रिफ्यूज यांतून उडणारे तुषार हा इथला खरा धोका असतो. सेंट्रिफ्यूज थांबल्या थांबल्या झाकण उघडायची सवय असेल तर ती सोडा.

## टप्पा १ : शुद्ध कल्चर

१. मूळ प्लेटवरची एकच सुटी कॉलनी घ्या आणि नव्या ब्लड अगारवर चार भागांत ओढा. प्रत्येक भागासाठी लूप (जिवाणू उचलायची तारेची कडी) नवा घ्या किंवा जाळून थंड केलेला वापरा.

२. दाट भागात लूपने अगारात दोन-तीन ठिकाणी तिरपे टोचे मारा. स्ट्रेप्टोलायसिन ओ ऑक्सिजनने निकामी होतं. पृष्ठभागावर न दिसणारं हिमोलिसिस टोच्याच्या आत, हवेपासून दूर, दिसून येतं.

३. ३५ ते ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, १८ ते २४ तास ठेवा.

४. प्लेट वाचताना प्रकाश मागून येऊ द्या. टेबलावर ठेवून वरून बघितलेलं हिमोलिसिस मी वाचलेलं धरत नाही.

पायोजेनिसची कॉलनी साधारण ०.५ ते १ मिलिमीटर असते आणि भोवतीचं स्वच्छ वलय कॉलनीच्या मानाने बरंच मोठं असतं. अ‍ॅगॅलॅक्टिएचं उलट : कॉलनी मोठी, वलय अरुंद आणि पुसट. कधी कॉलनी लूपने बाजूला सरकवल्याशिवाय खालचं वलय दिसतच नाही. या जातीचे काही जिवाणू हिमोलिसिस करतच नाहीत, हेही ध्यानात असू द्या. अँजिनोसस गटाच्या कॉलन्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ०.५ मिलिमीटरहून लहान असतात, आणि अनेकदा झाकण उघडताच साखर-लोणी एकत्र तापवल्यासारखा गोड वास येतो. वास आपणहून येतो तेवढाच पुरे. प्लेट नाकाला लावून हुंगायची नाही.

सावधान : टायपिंगसाठी जुन्या, दहादा पुनर्लागवड झालेल्या प्लेटवरून सुरुवात करू नका. वारंवार सबकल्चर केल्याने पायोजेनिसचं एम प्रथिन (ज्यावर त्याचा टाइप ठरतो) कमी होतं आणि अ‍ॅगॅलॅक्टिएचं कवच विरळ होतं. नमुन्यातून मिळालेली पहिली शुद्ध वाढ लगेच गोठवून ठेवा.

पडताळा : प्लेटवर एकाच आकाराच्या, एकाच वलयाच्या कॉलन्या आहेत का? जरा जरी शंका आली तरी पुन्हा ओढा. यात एक दिवस जाईल, पण पुढचा आठवडा वाचेल.

## टप्पा २ : ग्राम आणि कॅटॅलेज

ग्राम म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू पाहणं; कॅटॅलेज हे पेरॉक्साइडमधून बुडबुडे काढणारं विकर. हा टप्पा सर्वांत जास्त गाळला जातो, कारण ‘दिसतोच आहे की स्ट्रेप्टोकॉकस’. दिसतो, पण लिस्टेरिया मोनोसायटोजिनिसही तसाच दिसतो. लहान कॉलनी, अरुंद पुसट वलय, अगदी अ‍ॅगॅलॅक्टिएची नक्कल. वर त्याची कॅम्प चाचणीही सकारात्मक येऊ शकते. घशातल्या नमुन्यात अर्कानोबॅक्टेरियम हिमोलिटिकम असाच फसवतो, आणि तो तर कॅटॅलेज-नकारात्मकही असतो. हे दोन्ही ग्राम-पॉझिटिव्ह दंडाणू आहेत. म्हणून आधी ग्राम, मगच बाकीचं.

कॅटॅलेजसाठी कोरड्या स्लाइडवर आधी कॉलनी ठेवा आणि मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका. कॉलनी लाकडी काडीने किंवा प्लास्टिकच्या लूपने उचला, कारण निक्रोमचा लूप पेरॉक्साइडमध्ये बुडवला तर नुसत्या धातूनेही बुडबुडे येतात. उचलताना अगार खरवडू नका. लाल पेशींमध्ये स्वतःचं कॅटॅलेज असतं, आणि त्याचे चार बुडबुडे पाहून चांगला स्ट्रेप्टोकॉकस स्टॅफिलोकॉकस म्हणून बाजूला पडतो.

पडताळा : ग्राम-पॉझिटिव्ह गोलाणू, साखळीत किंवा जोडीत, कॅटॅलेज-नकारात्मक. तिन्ही जुळले तरच पुढे. घन माध्यमावरच्या वाढीत साखळ्या आखूड दिसतात. खात्री हवी तर द्रव माध्यमातून स्मिअर करा.

## टप्पा ३ : जातीकडे नेणाऱ्या छोट्या चाचण्या

पीवायआर. जिवाणूकडे एक ठरावीक विकर आहे का, हे रंगावरून दाखवणारी चाचणी. चकती किंचित ओली करा. चिंब केली तर रंग फिका पडतो. त्यावर ताज्या शुद्ध वाढीच्या पुरेशा कॉलन्या चोळा, संचात सांगितली तेवढी, साधारण दोन मिनिटं थांबा, मग रंगद्रव्याचा थेंब. एका मिनिटात गुलाबी ते गडद लाल रंग आला तर सकारात्मक. बीटा-हिमोलिटिक स्ट्रेप्टोकॉकसमध्ये सकारात्मक निकाल पायोजेनिसकडे बोट दाखवतो. पण एन्टेरोकॉकसही सकारात्मक असतो, आणि काही स्टॅफिलोकॉकससुद्धा. म्हणून मिश्र प्लेटवरून पीवायआर करणं म्हणजे शेजाऱ्याचं उत्तर आपलं म्हणून लिहिणं.

बॅसिट्रॅसिन. चकतीतल्या या प्रतिजैविकाने वाढ थांबते का, हे पाहायचं. इथली जुनी चूक चकतीची. ओळखीसाठी ०.०४ युनिटची चकती लागते. कपाटात १० युनिटचीही असते, आणि ती लावली की जवळपास सगळेच ‘संवेदनशील’ ठरतात. योग्य चकतीभोवती कितीही लहान वलय आलं तरी ते संवेदनशील धरतात. सोबत ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोलची १.२५/२३.७५ मायक्रोग्रॅमची चकती लावा. ए आणि बी गट तिला दाद देत नाहीत. सी आणि जी गटाचे काही जिवाणूही बॅसिट्रॅसिनला संवेदनशील असतात, त्यामुळे एकट्या बॅसिट्रॅसिनवर नाव लिहू नका. पीवायआर उपलब्ध असेल तर मी बॅसिट्रॅसिन लावतच नाही.

कॅम्प. स्टॅफिलोकॉकसच्या शेजारी हिमोलिसिस वाढतं का, हे पाहणारी चाचणी. मेंढीच्या ब्लड अगारवर मधोमध स्टॅफिलोकॉकसची सरळ रेघ ओढा. तपासायच्या जिवाणूची रेघ तिला काटकोनात, पण टोक २ ते ३ मिलिमीटर अलीकडे थांबवून. दोन्ही रेघा एकमेकींना टेकल्या की चाचणी बाद. अ‍ॅगॅलॅक्टिए असेल तर संगमाजवळ बाणाच्या टोकासारखं वाढीव हिमोलिसिस दिसतं.

सावधान : कॅम्पची प्लेट साध्या हवेत ठेवा. कार्बन डायऑक्साइडमध्ये किंवा ऑक्सिजनविरहित ठेवली तर ए गटाचे काही जिवाणूही बाण दाखवू लागतात. बाकीच्या सगळ्या प्लेटा कार्बन डायऑक्साइडमध्ये जातात म्हणून हीही त्याच रॅकमध्ये सरकवली जाते, हे मी स्वतः केलेलं आहे.

## टप्पा ४ : लान्सफिल्ड गट, लॅटेक्सवर

१. प्रत्येक नमुन्याची नळी आधी लिहून घ्या. निष्कर्षण द्रव (पेशीभित्तीतून गट-प्रतिजन सोडवणारा) संचात सांगितलेल्या मापाने घाला.

२. शुद्ध वाढीतल्या चार-पाच कॉलन्या द्रवात नीट विरघळवा. बारीक कॉलन्या असतील तर अधिक घ्या. अगाराचा तुकडा आत जाऊ देऊ नका.

३. विकरावर चालणारा संच असेल तर ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा. बऱ्याच संचांत ही वेळ १० मिनिटं असते. अर्ध्यावर एकदा हलवा. नायट्रस आम्लाच्या संचात क्रम आणि थेंबांची संख्या काटेकोर असते, आणि शेवटचं उदासीनीकरण विसरलं तर सगळीच वर्तुळं गुठळ्या दाखवू शकतात.

४. कार्डावर प्रत्येक वर्तुळात लॅटेक्सचा एक थेंब. बाटली उभी धरा. तिरपी धरली तर थेंबाचं माप बदलतं.

५. निष्कर्षित द्रवाचा थेंब प्रत्येक वर्तुळात टाका आणि प्रत्येकासाठी वेगळी काडी वापरून मिसळा.

६. कार्ड हळू गोल फिरवा आणि घड्याळ लावा. बहुतेक संचांत वाचायची वेळ एक मिनिट असते. वेळ संपली की जे दिसतं तोच निकाल. फोन घेऊन परत आल्यावर दिसणारा रवा वाळण्याचा असतो.

आता निकाल वाचणं. एकाच वर्तुळात ठळक गुठळ्या आणि बाकी सगळी दुधाळ, असं असेल तरच गट सांगा. सगळ्या वर्तुळांत गुठळ्या आल्या तर तो निकालच नाही; निष्कर्षित द्रवात कण आहेत किंवा जिवाणू आपोआप गोळा होतो आहे. दोन वर्तुळांत आल्या तर मिश्र कल्चर समजा आणि टप्पा १ वर परत जा. एकातही आल्या नाहीत तर आधी संचातल्या बहुगटी प्रतिजनाने लॅटेक्स तपासा, मग जास्त वाढ घेऊन पुन्हा निष्कर्षण करा. तरीही काही नाही आलं तर ‘ए, बी, सी, डी, एफ, जी यांपैकी गट आढळला नाही’ एवढंच लिहा. गट-प्रतिजन नसलेले स्ट्रेप्टोकॉकस असतातच.

एक प्रसंग सांगतो. गळवातल्या पुवाचा नमुना होता, लॅटेक्सवर ए गट, दहा सेकंदांत ठणठणीत गुठळ्या. अहवाल पायोजेनिस म्हणून टंकलेखनाला गेलाही होता. प्लेट टाकून द्यायच्या आधी सहज प्रकाशासमोर धरली, तर कॉलन्या सुईच्या टोकाएवढ्या, आणि झाकण उघडताच तो गोड वास. पीवायआर लावलं : चकती पिवळसरच राहिली. व्होजेस-प्रोस्कावर (ग्लुकोजपासून अॅसिटोइन बनतं का, ही चाचणी) सकारात्मक. तो अँजिनोसस गटातला होता, ए प्रतिजन बाळगणारा. लॅटेक्स खोटं बोललं नव्हतं, पण आम्ही त्याला विचारला होता भलताच प्रश्न.

म्हणून गट आला की तो कॉलनीच्या आकाराशी आणि पीवायआरशी जुळवायचा. ए गट, मोठी कॉलनी (इथे मोठी म्हणजे ०.५ मिलिमीटर किंवा अधिक), पीवायआर सकारात्मक : पायोजेनिस. ए गट पण पीवायआर नकारात्मक : बारीक कॉलनी असेल तर अँजिनोसस गट, मोठी असेल तर क्वचित आढळणारा ए प्रतिजनाचा डिसगॅलॅक्टिए. सी किंवा जी गट आणि मोठी कॉलनी : बहुतेक डिसगॅलॅक्टिए इक्विसिमिलिस, बारीक कॉलनी आणि व्होजेस-प्रोस्कावर सकारात्मक : अँजिनोसस गट. एफ गट जवळजवळ नेहमीच अँजिनोसस. बी गट म्हणजे अ‍ॅगॅलॅक्टिए, पण ग्राम पाहिलेला असेल तरच. डी गट आला तर एन्टेरोकॉकस की गॅलोलिटिकस हे ठरवा. पीवायआर इथेही कामी येतं, पहिला सकारात्मक, दुसरा नकारात्मक.

सी गटाच्या नमुन्यात घोड्यांशी किंवा कच्च्या दुधाशी संबंध असल्याची नोंद असेल तर इक्वाय झूएपिडेमिकस मनात ठेवा. तो सॉर्बिटॉल आंबवतो, ट्रेहॅलोज नाही. इक्विसिमिलिसचं बरोबर उलट.

गट जुन्या, लान्सफिल्डच्या पद्धतीने ठरवत असाल तर : ०.२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, उकळतं पाणी, १० मिनिटं. मग उदासीनीकरण आणि सेंट्रिफ्यूज. वरचा द्रव पूर्ण स्वच्छ हवा. केशनळीत तो आणि अँटिसीरम (प्रतिपिंडांचा द्रव) जुळले की सीमेवर वलय दिसतं; आम्ल राहिलं तर खोटं वलय येतं. नळीत आधी अँटिसीरम, बाहेरून पुसून मग निष्कर्षित द्रव, आणि दोहोंमध्ये हवेचा बुडबुडा नको. बुडबुडा आला तर नळी टाकून द्या, ठोकून तो काढायला बसू नका.

सावधान : गटाचा अहवाल टाइपसाठी अडवून ठेवू नका. उपचार करणाऱ्याला जात आणि गट आज हवा असतो. टाइप साथीचा माग काढणाऱ्याला हवा असतो.

## टप्पा ५ (अ) : पायोजेनिसचं ईएमएम टायपिंग

एम प्रथिनाचं टायपिंग पूर्वी अँटिसीरमने होई. आता त्या प्रथिनाच्या जनुकाच्या, म्हणजे ईएमएमच्या, सुरुवातीच्या भागाचा क्रम वाचतात आणि असे २०० हून अधिक टाइप नोंदलेले आहेत.

१. ताज्या वाढीतून डीएनए काढा. नुसतं उकळून कधी भागतं, कधी नाही. पेशीभित्ती जाड असते. चिकट, लाळेसारख्या कॉलन्यांचं कवच हायल्युरोनिक आम्लाचं असतं आणि ते पीसीआर अडवू शकतं. अशा वेळी पेशी आधी धुवा, म्युटॅनोलायसिन किंवा लायसोझाइम वापरा.

२. पीसीआर लावताना प्रत्येक खेपेला डीएनए नसलेली एक नळी असू द्या. जेलवर तिचा पट्टा (डीएनए वाढल्याची खूण) दिसला तर त्या खेपेतलं काहीही वापरू नका, ‘हलकासाच आहे’ म्हणूनही नाही.

३. जेलवर एकच स्पष्ट पट्टा हवा. पट्ट्याची लांबी टाइपगणिक बदलते, तेव्हा लांबी वेगळी म्हणून घाबरू नका आणि लांबीवरून टाइपही सांगू नका. दोन पट्टे आले तर शेजारच्या ईएमएम-सदृश जनुकांचा संशय घ्या. मुख्य पट्टा कापून शुद्ध करा, मगच अनुक्रमणाला (क्रम वाचायला) पाठवा.

४. क्रम आला की आधी आलेख बघा. मजकुराची फाइल नंतर. एकाच जागी दोन शिखरं, आणि तशी जागोजागी, याचा अर्थ दोन जिवाणू किंवा दोन जनुकं. सॉफ्टवेअर त्यातलं उंच शिखर निवडून अक्षर छापतं आणि मजकुरात सगळं सुरळीत दिसतं.

५. जुळणी अमेरिकेच्या सीडीसीच्या ईएमएम संदर्भसंग्रहाशी करा. सर्वसाधारण जनुकसंग्रहात शोधलं तर कोणीतरी कधीतरी चुकीचं नाव देऊन ठेवलेला क्रम सर्वांत वर येऊ शकतो.

६. परिपक्व प्रथिनाच्या सुरुवातीच्या ९० बेसमध्ये (डीएनएची अक्षरं) किमान ९२ टक्के जुळणी असेल तर टाइप ठरतो. उपटाइपसाठी १८० बेसचा पूर्ण तुकडा शंभर टक्के जुळायला हवा. त्यातले पहिले ३० बेस संकेत-क्रमाचे (परिपक्व प्रथिनातून कापून टाकल्या जाणाऱ्या भागाचे) असतात.

पडताळा : जुळणी कुठून सुरू झाली ते बघा. जुळणी खूप चांगली पण पुढच्या भागात असेल, तर ती निरुपयोगी आहे. टाइप ठरवणारा फरक सुरुवातीलाच असतो.

उत्तर ‘एसटीजी’ किंवा ‘एसटीसी’ने सुरू होणारं आलं तर तो नवा टाइप नाही. तुमच्या हातात डिसगॅलॅक्टिए आहे; त्याच्याकडेही हे जनुक असतं. टप्पा ३ चं पीवायआर पुन्हा काढून बघा.

## टप्पा ५ (ब) : अ‍ॅगॅलॅक्टिएचं कवच टायपिंग

इथे दहा टाइप आहेत : एक-ए, एक-बी आणि दोन ते नऊ. लॅटेक्सने होतं, पण गटाचा लॅटेक्स आणि टाइपचा लॅटेक्स यांच्या बाटल्या वेगळ्या, वाचायच्या वेळाही वेगळ्या. टाइपच्या काही संचांत वेळ काही सेकंदांचीच असते. गटाच्या सवयीने मिनिटभर बघत राहिलात तर दोन-दोन टाइप सकारात्मक होतील.

कशातच गुठळ्या आल्या नाहीत तर लगेच ‘टाइप ठरत नाही’ लिहू नका. टॉड-हेविट ब्रॉथ या द्रव माध्यमात ताजी वाढ घ्या, पुन्हा लावा. तरीही नाही, तर कवच-जनुकांची पीसीआर. जनुक आहे पण लॅटेक्स नकारात्मक, असं आलं तर दोन्ही निकाल पद्धतीच्या नावासह लिहा. जनुक असणं आणि कवच तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अहवाल वाचणाऱ्याला कोणती पाहिली ते कळायला हवं.

## टप्पा ६ : साठवण आणि नोंद

शुद्ध वाढ १५ ते २० टक्के ग्लिसरॉल घातलेल्या टॉड-हेविट ब्रॉथमध्ये, उणे ७० अंशांवर किंवा त्याखाली. दोन कुप्या करा : एक कामाची, एक न उघडायची. कामाच्या कुपीतून खरवडून घ्या, वितळवू नका.

नोंदवहीत जात, गट आणि टाइप यांचे रकाने वेगळे ठेवा आणि प्रत्येकासमोर पद्धत लिहा. ‘पायोजेनिस (पीवायआर, कॉलनी), ए गट (लॅटेक्स), ईएमएम १२.० (अनुक्रमण)’ अशी ओळ वर्षभराने उघडली तरी समजते. नुसतं ‘ए, १२’ लिहिलेली ओळ लिहिणाऱ्यालाही समजत नाही.

गोठवल्यानंतर आठवडाभराने कामाच्या कुपीतून एकदा वाढ घ्या, ग्राम आणि पीवायआर लावा, आणि तो निकाल पहिल्या नोंदीशी ताडून कुपीच्या क्रमांकासमोर तारीख टाका.